वैशाखाचे ऊन, कोंबडी आणि ‘क’ जीवनसत्त्व

वैशाख पौर्णिमेला आपण बुद्धजयंती साजरी करतो, तेव्हा विदर्भातील ऊन ४५ अंशांच्या आसपास पोहोचलेले असते. अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींच्या कसोटीचा हाच काळ. बँकेच्या खिडकीत बसून आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत की, कुक्कुटपालनाच्या कर्जाचे हप्ते थकतात ते बहुधा मे-जूनमध्येच. कारण विचारले की उत्तर ठरलेले असते, “साहेब, अंडी फुटतात, कोंबड्या मरतात.” आम्ही कला शाखेचे पदवीधर, तरीही या प्रश्नाचा अभ्यास करावासा वाटला. त्याचे सार येथे देत आहोत.

कारणाशिवाय काही घडत नाही, आणि कारण दूर केले की परिणाम टळतो, ही तथागतांची शिकवण. त्याच दृष्टीने पाहू.

कोंबडीला घर्मग्रंथी नसतात, त्यामुळे तिला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच सुमारे ४१ अंश असते. हवा ३० अंशांच्या वर गेली की ती चोच उघडून धापा टाकू लागते. धापेबरोबर रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो. रक्ताचा समतोल बिघडतो आणि अंड्याच्या कवचाला लागणारी द्रव्ये कमी पडतात. त्यात ती खाद्यही कमी खाते. म्हणून उन्हाळ्यात अंडे लहान होते व कवच पातळ होते.

‘क’ जीवनसत्त्वाचा संबंध येथे येतो. माणसाला ते अन्नातूनच मिळवावे लागते. कोंबडी मात्र ते स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते, त्यामुळे एरवी वरून देण्याची गरज नसते. परंतु उष्णतेच्या ताणात गरज वाढते आणि घरची निर्मिती अपुरी पडते. अशा वेळी ते वरून दिल्यास ताण सोसण्यास मदत होते. अनेक प्रयोगांत अंड्यांची संख्या व कवच सुधारलेले आढळले. मात्र सर्वच प्रयोगांत सारखा लाभ दिसलेला नाही.

प्रमाण साधारणपणे एक किलो खाद्यास २०० ते २५० मिलिग्रॅम. शंभर कोंबड्या एरवी दिवसाला सुमारे ११ किलो खाद्य खातात. म्हणजे रोज सव्वादोन ते पावणेतीन ग्रॅम पुरते. बाजारातील पुडीत शुद्ध द्रव्य किती आहे हे वाचूनच हिशेब करावा व पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा. ऊन, उजेड व हवा यांनी हे द्रव्य लवकर नासते. पाण्यातून द्यायचे तर ताजे कालवावे, काही तासांत संपवावे. तांब्याचे भांडे वापरू नये.

तथापि मुख्य गोष्ट निराळीच आहे. आमच्या परिचयातील एका भगिनीने हाताशी होते ते पैसे पुड्यांवर खर्च केले. डोक्यावर उघडे पत्रे आणि उन्हात तापलेली पाण्याची टाकी मात्र तशीच राहिली. गरम पाण्याला कोंबड्यांनी चोचही लावली नाही. पुडी पाण्यातच राहिली, कोंबड्या गेल्या आणि कर्ज उरले.

म्हणून आधी सावली आणि थंड पाणी, मग पुडी. पत्र्यावर चुना मारावा, तुराट्या किंवा गवत पसरावे. बाजूंना गोणपाट बांधून भिजवावे, पण वारा अडवू नये. माठातले पाणी वरचेवर बदलावे. खाद्य पहाटे व सायंकाळी द्यावे, भर दुपारी नको. कवच मुख्यतः रात्री घडते, म्हणून शिंपल्यांचा चुरा सायंकाळी द्यावा.

विद्यार्थी मित्रांना विनंती की, ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी एक वही घालावी. रोजचे तापमान, पाणी, अंडी व फुटलेली अंडी नोंदवावीत. कशाने फरक पडला हे वहीच सांगेल. ज्या मुक्या जीवाच्या जोरावर आपली चूल पेटते, त्याचे दुःख जाणून घेणे हीदेखील करुणाच होय.

जयभीम!