पहिला टाका रुग्णाच्या अंगावर नको

हिंगोली येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. आता आपल्या जिल्ह्यातही डॉक्टर घडू लागतील, ही समाधानाची बाब आहे. त्याबरोबर एक प्रश्न मात्र सर्वांनी विचारात घ्यावयास हवा. शिकणाऱ्याचा हात बसावा कोठे? धर्मादाय रुग्णालयात मोफत उपचार घेणारा गरीब रुग्ण हे सरावाचे साधन होता कामा नये, असे आमचे ठाम मत आहे.

हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय सरावासाठीच आहे. ग्रंथ कितीही वाचले तरी ज्याने सराव केला नाही तो शस्त्रकर्मास अपात्र, असे सुश्रुताचार्य सांगतात. छेद घेणे कोहळा, दुध्या व काकडीवर शिकावे; शीर वेधणे मृत पशूच्या शिरेवर वा कमळाच्या देठावर; टाके जाड कापडाच्या कडांवर व मऊ चामड्यावर; आणि पट्टी बांधणे मनुष्याकृती बाहुल्यावर, असा तो क्रम आहे.

आजही ही साधने घरच्या घरी करता येतात :

१. टाके : गादीच्या फोमवर रेक्झिनचा तुकडा चिकटवावा. केळ्याची सालही उपयोगी पडते. दोरा अधिक ओढला की ती फाटते आणि चूक लगेच समजते.

२. शीर : फोमखाली रबरी नळी ठेवून तीत लाल रंगाचे पाणी भरावे. सुई योग्य ठिकाणी गेली की लाल पाणी दिसते.

३. गळू : लहान फुग्यात दाट पेज भरून तो फोमखाली बसवावा.

४. दुर्बिणीची शस्त्रक्रिया : डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात सुरू केली. या पद्धतीत डोळे पडद्यावर असतात आणि हात डावीकडे नेला की आतील टोक उजवीकडे जाते. पुठ्ठ्याच्या खोक्याला छिद्रे पाडून, आत मोबाइलचा कॅमेरा लावून, लांब चिमट्याने शेंगदाणे एका वाटीतून दुसरीत ठेवण्याचा सराव करता येतो.

अर्थात प्रतिकृतीला वेदना होत नाहीत, तिचा रक्तदाबही उतरत नाही. म्हणून आधी पाहणे, मग प्रतिकृतीवर करणे, नंतर मदतनीस होणे आणि शेवटी ज्येष्ठांच्या देखरेखीखाली स्वतः करणे, हा क्रम मोडू नये. सरावाच्या सुया व दोरे रुग्णांच्या साहित्यात मिसळणार नाहीत, याचीही दक्षता हवी. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक ठरली आहे. महागडे यंत्रमानव येईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे. शस्त्रक्रियेचे बारकावे डॉक्टरांनीच सांगावेत. हिशेबाची एक गोष्ट मात्र आम्ही जाणतो. शिकण्याचा खर्च कोणाला तरी सोसावाच लागतो. तो फोम, रेक्झिन व शिक्षकाचा वेळ यांच्या रूपाने संस्थेने सोसला नाही, तर रुग्ण आपल्या अंगावर सोसतो, आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून देणगीदारांनी इमारत व यंत्रसामग्रीबरोबर या लहान खर्चाकडेही लक्ष द्यावे, ही विनंती. रुग्णांच्या नातेवाइकांनीही, ‘हे काम कोण करणार, आणि सोबत ज्येष्ठ डॉक्टर असतील ना?’ असे निःसंकोच विचारावे. तो त्यांचा हक्क आहे.