काटा खोटे केव्हा बोलतो?
(निर्वात-दाबमापकाविषयी थोडेसे)

आपल्या खजुरीच्या शिवारात ज्यांनी विहिरीवर पंप बसविला आहे, त्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगावयास नको. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की पंप खालच्या कट्ट्यावर उतरवावा लागतो. काठावर ठेवून मोटार कितीही मोठी लावली तरी पंचवीस फुटांपलीकडचे पाणी काही वर येत नाही. हे असे का होते, असे विचारले तर बहुतेक जण पंपाच्या ताकदीला दोष देतात. खरी गोष्ट अशी की पंप पाण्याला ओढीतच नाही. तो नळीतील हवा काढून टाकतो आणि विहिरीच्या पाण्यावर दाबणारी बाहेरची हवा ते पाणी नळीत वर ढकलते. हवेचा जोर जेवढा, तेवढेच पाणी चढणार.

हा जोर मोजण्याची युक्ती इटलीतील टॉरिचेली याने १६४३-४४ च्या सुमारास काढली. पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्या भांड्यात उपडी केली, की समुद्रकाठी पारा सुमारे ७६० मिलिमीटरांवर, म्हणजे तीस इंचांच्या आत-बाहेर, उभा राहतो. पुढे १६४८ साली पास्कल याने आपल्या मेहुण्याकरवी तीच नळी फ्रान्समधील एका डोंगरावर नेवविली, तेव्हा पारा खाली उतरलेला दिसला. उंची वाढली की डोक्यावरची हवा कमी होते. ढोबळ मानाने दर हजार फुटांस एक इंच पारा उतरतो.

वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. कलबुर्गी समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच आहे. तेथे पारा ७२० मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे सव्वाअठ्ठावीस इंचांवर उभा राहतो. आळंद तालुक्यात फारसा वेगळा प्रकार नाही. बिदरचे पठार आणखी उंच, म्हणून तेथे त्याहूनही कमी. तेव्हा आपल्या भागात एखाद्या यंत्रावरचा निर्वाताचा काटा २९ इंच दाखवू लागला, तर यंत्र फार उत्तम चालले आहे असे समजून पाठ थोपटून घेऊ नये. जेथे बाहेरची हवाच सव्वाअठ्ठावीस इंचांची आहे, तेथून एकोणतीस इंच काढणार कोठून? तो काटा खोटा आहे. मुंबईहून आलेला अभियंता तेथील सवयीचा आकडा येथे मागतो आणि कामगार बिचारे गळती शोधीत बसतात, हा प्रकार मी स्वतः पाहिला आहे.

आता आपल्याशी अधिक निगडित असा विषय घेऊ. आपल्या घरोघरचा ऊस ज्या कारखान्यांत जातो, तेथे साखरेचा पाक मोकळ्या कढईत शिजवीत नाहीत. गुऱ्हाळात तसे करतात, म्हणून गूळ तांबूस होतो. हॉवर्ड नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने १८१३ च्या सुमारास बंद भांड्यातील हवा काढून कमी उष्णतेवर पाक उकळविण्याची रीत काढली. त्या भांड्यास पॅन म्हणतात. आत दाब ११० मिलिमीटर उरला असेल तर पाणी ५३ ते ५४ अंशांवरच उकळते; १६५ मिलिमीटर असेल तर ६२ अंश लागतात. पाक मात्र पाण्यापेक्षा बरेच अंश अधिक तापतो, ते निराळे. निर्वात कमी पडले तर साखर करपट रंगाची होते, आणि शिजविता शिजविता ते एकदम फार वाढले तर पाक थंड होऊन नको तेथे बारीक रवा उठतो. यास कारखान्यात खोटा रवा म्हणतात. तो जाळीत अडकतो, मळी सुटत नाही, आणि सगळा घाणा पुन्हा विरघळवावा लागतो. म्हणजे पॅनमनचे सारे कौशल्य त्या एका काट्यावर अवलंबून असते.

माझ्या नोकरीच्या आरंभीच्या काळातील गोष्ट सांगतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. एका पॅनचा काटा ६१० ऐवजी ५५५ दाखवू लागला. मी उपकरण विभागात नवा होतो. काटा काढला, नवा बसविला. पहिला तासभर नवा काटा ६१० दाखवी, मग हळूहळू उतरत ५५५ वर येई. दुसरा नवा बसविला, त्याचीही तीच गत. मी वर लिहून दिले की दोन नवे काटे एकच सांगतात, अर्थी काटे ठीक आहेत, पॅनमध्येच हवा शिरत आहे. मग सांध्यांशी मेणबत्ती धरून ज्योत कोठे आत ओढली जाते ते पाहिले. कोठेच ओढली गेली नाही. तरी वरिष्ठांनी कंडेन्सरवर आणखी एक पंप लावावयास लावला. खरे निर्वात त्यामुळे गरजेपेक्षा वाढले, पाक थंड झाला आणि दोन घाण्यांत खोटा रवा उठला. दोष आला पॅनमनवर. म्हातारा माणूस, वीस हंगाम केलेला. त्याचा चार दिवसांचा पगार कापला गेला.

त्याने एकदाच मला म्हटले होते, "साहेब, माझा थर्मामीटर चोपन्न दाखवतोय. त्याचं कुणी ऐकत नाही." मी ऐकले नाही. वाफ ५४ अंशांवर आणि दाब १६५, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, एवढे मला तेव्हा कळावयास हवे होते. वाफेत पुष्कळ हवा मिसळली असेल तरच थर्मामीटर असा खाली राहील. पण तेवढी हवा शिरावयास पॅनला भगदाडच पडावे लागेल, आणि मेणबत्ती तर स्थिर होती.

अखेर एक जुने मिस्त्री आले. मी म्हटले, "मिस्त्री, तुम्हीच बघा, तिसरा काटा मागवू का?" ते म्हणाले, "काट्याला काय धाड भरलीय? नळी बघ की आधी." पॅनच्या वरच्या टोकापासून काट्यापर्यंत तांब्याची बारीक नळी खाली येत होती. मिस्त्रींनी तिच्या खालच्या भागात गवंडी लेव्हलसाठी वापरतात तसली पारदर्शक नळी जोडली. तासाभरात तिच्यात पाणी चढताना सर्वांना दिसले. वाफ नळीत थिजून पाणी होत होते आणि ते काट्याच्या डोक्यावर उभे राहत होते. पाऊण मीटर पाण्याचा भार पाऱ्याच्या ५५ मिलिमीटरांइतका असतो. नेमका तेवढाच फरक पडत होता! काटा बदलताना दर वेळी नळी उघडली जाई, पाणी निघून जाई, म्हणून पहिला तास तो खरे बोले. दोन नवे काटे खोटे नव्हतेच. त्यांच्यापर्यंत पोहोचणारा निरोप खोटा होता, आणि मी त्यांच्या एकमताला पुरावा समजलो.

उपाय अगदी साधा निघाला. काटा नळीच्या तोंडापेक्षा उंचावर नेला आणि नळीला कोठेही झोळ न ठेवता सगळा उतार पॅनकडे दिला. थिजलेले पाणी आपोआप परत पॅनमध्ये जाऊ लागले. पगार मात्र परत मिळाला नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरून गेला आहे. यंत्र थांबलेले असताना काटा शून्यावर आहे का, हे प्रथम पाहावे. येथेही एक फसगत आहे. पुष्कळ काट्यांच्या तबकडीवर शून्याशी एक खिळी असते. काटा बिघडून शून्याच्या मागे जाऊ पाहतो, पण खिळीला टेकून निर्दोष दिसतो. म्हणून थोडे निर्वात देऊन तो खिळीवरून सहज उठतो का, हे तपासावे. काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारावी. काटा उडी मारून दुसरीकडे बसला तर आतील दाते झिजले आहेत. बूर्दों या फ्रेंच कारागिराने १८४९ साली पेटंट घेतलेली वाकडी नळीच अजून या काट्यांच्या पोटात असते, आणि सततच्या हादऱ्याने तिचे दाते खराब होतात. ग्लिसरीन भरलेल्या काट्यावर एक रबरी बूच असते. ते मोकळे केले नाही, तर उन्हाने आतला दाब वाढून काटा सरकतो. हे बूच उघडावयाचे असते हे अनेक जाणत्यांनाही ठाऊक नसते. यंत्र बंद करून हवा आत सोडली तरी काटा जागचा हलत नसेल, तर नळीच्या तोंडाशी पाक साचून बूच बसला आहे असे समजावे.

हवामानामुळेही फरक पडतो, पण तो थोडा. आपल्याकडे हिवाळा आणि पावसाळ्याचा आरंभ यांत हवेच्या दाबात सात-आठ मिलिमीटरांचा फरक असतो, आणि एकाच दिवशी सकाळी दहा व दुपारी चार यांत दोन-तीन मिलिमीटरांचा. आजकाल विजेवर चालणारी, आकडे दाखविणारी उपकरणे आली आहेत. त्यांतील काही बाहेरच्या हवेपासून मोजतात, तर काही पूर्ण पोकळीपासून. ६१० आणि ११० हे दोन्ही आकडे एकाच पॅनचे असू शकतात. बिदरकडील औषधी कारखान्यांत आपली काही मुले काम करतात. तेथे फार खोल निर्वातासाठी पिरानी जातीचे मापक वापरीत असल्यास हेही लक्षात ठेवावे, की ते तापलेल्या तारेवरून दाब ओळखते. तारेवर तेलाचा थर बसला, किंवा हवेऐवजी द्रावकाची वाफ असली, तर त्याचा आकडा चुकतो.

आता पुन्हा विहिरीकडे. पंपाच्या सक्शन नळीवर असा काटा बसविणे फार खर्चाचे नाही. एक फूट पाण्याला सुमारे २२ मिलिमीटर पारा असा हिशेब आहे. पाणी पंपाखाली १५ फुटांवर असेल तर काटा ३३० च्या थोडा वर असावा. जास्तीचे नळीच्या घर्षणाचे. पाण्याची पातळी तीच असून काटा ४५० दाखवू लागला, तर फूट व्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ किंवा पालापाचोळा अडकला आहे. पाणी येत नाही आणि काटाही खाली पडला आहे, तर सक्शनच्या एखाद्या सांध्यातून हवा शिरत आहे. तो सांधा बहुधा पंपाच्या तोंडाजवळचा असतो. त्यावर साबणाचा घट्ट फेस लावावा, जेथे फेस आत ओढला जाईल तेथे नट आवळावा.