जुन्या जीपला डिझेल इंजिन

जुनी विलीज जीप तुम्ही पाहिली असेल. तिचे मूळ इंजिन पेट्रोलचे, 60 अश्वशक्तीचे. चिखलात ती हटत नाही, पण पेट्रोल फार पिते. म्हणून कित्येक मालक तिच्यात लहान डिझेल इंजिन बसवून घेतात.

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. आत हवा इतकी दाबतात की ती तापते नि डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. हा दाब सोसायला इंजिन जाड लोखंडाचे लागते. ते जड होते आणि जीपचे पुढचे पाटे बसतात. तेव्हा पाटेही बदला.

मूळ इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेई. ट्रॅक्टरचे इंजिन 2000 च्या आसपासच घेते. गिअर तेच ठेवले, तर ताशी 80 किलोमीटर धावणारी जीप 40 वर येईल. शेतात चालेल, सडकेवर मागचे ट्रकवाले भोंगे वाजवतील!

किल्ली काढून हे इंजिन थांबेलच असे नाही. ठिणगीच नाही, मग बंद काय होणार? डिझेल तोडणारी दोरी हवी. ती ओढून पाहा, मगच मिस्त्रीचे पैसे द्या.

आणि काम सुरू करण्याआधी आर.टी.ओ.ची परवानगी घ्या. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने ती लागते. नवा इंजिन नंबर आर.सी. बुकात चढवून घ्या. अपघात झाला आणि नंबर जुळला नाही, तर विमा कंपनी अडून बसेल.