दोष शाईचा की कागदाचा?

वहीत शाई फुटली की आपला पहिला राग दौतीवर निघतो. 'शाईच पातळ!' असे म्हणून आपण मोकळे होतो. पण तेच पेन आणि तीच शाई दुसऱ्या वहीवर रेखीव अक्षर उमटवते. मग खरा दोषी कोण? निकाल देण्यापूर्वी पुरावा पाहिला पाहिजे. तो आपण प्रयोगानेच गोळा करू.

साहित्य : निळी शाई भरलेले फाऊंटन पेन, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, सेकंदकाट्याचे घड्याळ, बशी आणि चार प्रकारचे कागद : टिपकागद, वर्तमानपत्राची कोरी कड, वहीचे पान व कॅलेंडरचा गुळगुळीत कागद. टिपकागद न मिळाल्यास प्रयोगशाळेतील गाळणकागद चालेल.

कृती १ : प्रत्येक कागदावर पेनाचे टोक ३ सेकंद टेकवून उचला. असे ५ ठिपके घ्या. वाळल्यावर प्रत्येकाची रुंदी मोजून सरासरी काढा. पेन, शाई आणि वेळ बदलू नका. बदलायचा तो फक्त कागद. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. कागद हवेतील बाष्प शोषतो, म्हणून चारही कागद आदल्या दिवसापासून एकाच जागी ठेवा.

टिपकागदावरचा ठिपका सर्वांत मोठा भरेल. भिंग असेल तर वर्तमानपत्रावरच्या ठिपक्याची कड पाहा. तिला कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटलेले दिसतील. कागद हा सेल्युलोजच्या असंख्य तंतूंचा थर असतो. तंतूंमधल्या अरुंद फटी बारीक नळ्यांसारखे काम करतात. शाई म्हणजे मुख्यतः पाण्यात विरघळलेले रंजकद्रव्य. केशाकर्षणाने ती या फटींतून पुढे सरकते आणि तंतू ज्या दिशेला गेले असतील, त्या दिशेला फाटे फुटतात.

कृती २ : प्रत्येक कागदाचा ३ सेंटिमीटर बाजूचा चौकोन कापा. कडा किंचित वर दुमडून त्याची होडी करा आणि बशीतील शाईवर अलगद तरंगू द्या. वरच्या बाजूस निळा रंग दिसेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा. टिपकागद क्षणात निळा होईल. चांगल्या वहीच्या कागदाला बराच वेळ लागेल.

तंतू तर सगळीकडे सेल्युलोजचेच. मग एवढा फरक का? उत्तर आहे खळ! लिहिण्याच्या कागदाला कारखान्यात खळ देतात. त्यामुळे पाणी फटींत सहज शिरत नाही. टिपकागदाला ती मुद्दामच देत नाहीत आणि वर्तमानपत्राच्या कागदाला अगदी थोडी देतात किंवा देतच नाहीत. आपल्याकडील जुने कारागीर हातकागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत असत. १८०७ साली जर्मनीतील मोरित्झ इलिग याने राळ आणि तुरटी वापरून खळ देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती स्वस्त पडली, पण तिच्यामुळे कागदात आम्लता राहते आणि वर्षे लोटली की तो ठिसूळ होतो. आता पुष्कळ कारखाने राळेऐवजी कृत्रिम खळ वापरतात.

पण फरक खळीमुळेच पडतो, हे सिद्ध झाले का? अजून नाही. चारही कागदांची जाडी आणि वीण वेगवेगळी होती! म्हणून आणखी एक प्रयोग करू.

कृती ३ : एक चमचा आरारूट अर्धी वाटी पाण्यात शिजवून पातळ खळ करा. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेची एक लांब पट्टी घ्या. तिच्या अर्ध्या भागाला खळीचा पातळ हात द्या आणि उरलेल्या अर्ध्याला नुसते पाणी लावा. पाणी कशाला? भिजून वाळल्यानेही कागद बदलतो. दोन्ही भाग भिजले, म्हणजे त्यांच्यात फरक उरला तो फक्त खळीचा. पट्टी वाळल्यावर दोन्ही भाग वाटीच्या गुळगुळीत बुडाने सारखेच घोटा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ ओढा. खळ नीट बसली असेल, तर तिच्यावर रेघ कमी फुटलेली दिसेल. कागद तोच, शाई तीच!

मग शाई जितकी कमी शिरेल तितका कागद चांगला का? कॅलेंडरच्या कागदावर एक ओळ लिहा आणि ५ सेकंदांनी बोट फिरवा. अक्षर पुसटले ना? शाई आत शिरली नाही, म्हणून लवकर वाळलीही नाही. परीक्षेत घाईघाईने पान उलटणाऱ्याला हा कागद उपयोगाचा नाही. लिहिण्याच्या कागदाने शाई थोडी प्यावी, पण तिला आडवे पसरू देऊ नये.

आता याच रीतीने एकाच कागदावर दोन शाया तपासून पाहा. या वेळी काय बदलायचे आणि काय कायम ठेवायचे, ते प्रयोगाआधीच नोंदवहीत लिहा.