इंजिनाच्या भागांवरील जुना सिलिकॉन थर काढण्याची शास्त्रीय पद्धत

कीटकशास्त्राच्या लेखमालेत इंजिनाच्या दुरुस्तीचा विषय काही वाचकांना अनपेक्षित वाटेल. परंतु कामगंध सापळ्यांची साप्ताहिक नोंद विस्तार कार्यकर्त्याच्या मोटारसायकलवर अवलंबून असते आणि आर्थिक नुकसान पातळी ओलांडल्यानंतरची वेळेवर फवारणी पॉवर स्प्रेअरच्या इंजिनावर. दिल्लीतील करोल बाग किंवा काश्मीरी गेट येथील सुट्या भागांच्या बाजारात सिलिकॉनची नळी सहज मिळते. त्यामुळे पॅकिंग गळू लागले की जुन्या थरावरच नवा थर देण्याची सवय सर्वत्र रूढ झाली आहे. या सवयीने गळती थांबत नाही. उलट इंजिन निकामी होण्याचा धोका वाढतो.

सिलिकॉनचे स्वरूप

नळीतील सिलिकॉन हवेतील आर्द्रता शोषून घट्ट होते. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या प्रकारातून या वेळी ॲसिटिक आम्ल बाहेर पडते व ते धातू गंजवू शकते. म्हणून इंजिनासाठी उदासीन प्रकार वापरतात. घट्ट झालेल्या थराचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या एकाआड एक बंधांनी बनलेला असतो. तो तेलात, पाण्यात किंवा ॲसिटोनमध्ये विरघळत नाही. पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाइन यांसारख्या हायड्रोकार्बन द्रवांतही तो विरघळत नाही, पण फुगतो व त्याची पकड सैल होते. थर काढण्याची संपूर्ण पद्धत या एका गुणधर्मावर आधारलेली आहे.

हाच गुणधर्म दुसऱ्या बाजूने हानिकारक ठरतो. कार्ब्युरेटर किंवा पेट्रोलच्या टाकीच्या जोडावर साधे सिलिकॉन लावल्यास ते फुगून सुटते. दोन-स्ट्रोक स्प्रेअरच्या क्रँककेसमधून इंधनमिश्रण वाहत असल्याने तेथेही ते टिकत नाही. जोडातून हवा आत शिरली की मिश्रणातील इंधनाचे व तेलाचे प्रमाण घटते, इंजिन तापते आणि पिस्टन अडकतो. अशा ठिकाणी उत्पादकाने सुचविलेले पॅकिंग किंवा पेट्रोलरोधक लेपच वापरावा.

काय टाळावे

१. हॅक्सॉ ब्लेड, कानस व पोलादी खरवडणी : ॲल्युमिनियम मऊ असल्याने एकच खोल ओरखडा तेलाला वाट करून देतो.

२. पॉलिश पेपर व ड्रिलवर फिरणाऱ्या घर्षण चकत्या : त्यांतून सुटलेले कठीण कण तेलाबरोबर बेअरिंगमध्ये पोहोचून झीज घडवितात. शिवाय पृष्ठभागाची सपाटी बिघडते.

३. कॉस्टिक सोडा : तो ॲल्युमिनियमलाच खातो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

४. डायक्लोरोमिथेन असलेली पॅकिंग-उतरवणी द्रावणे : शरीरात या रसायनाचे अंशतः कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. बंद खोलीत ती कधीही वापरू नयेत.

५. पेट्रोल : त्याची वाफ ठिणगीने पेट घेते. टर्पेंटाइन तुलनेने कमी धोक्याचे असले तरी तेही मोकळ्या हवेत व आगीपासून दूरच हाताळावे.

कार्यपद्धती

स्प्रेअर उघडण्यापूर्वी तो साबणाच्या पाण्याने बाहेरून धुवावा. इंजिनावर साचलेले कीटकनाशकाचे अवशेष त्वचेवाटे शरीरात जातात, म्हणून नायट्राइलचे हातमोजे अनिवार्य समजावेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, याचे स्मरण येथे ठेवणे आवश्यक आहे. फवारणी यंत्राची हाताळणी शेताच्या बांधावर संपत नाही. दुरुस्तीतही तीच दक्षता हवी.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तेल काढून घ्यावे, बॅटरीची तार सोडवावी आणि तेलमार्ग व उघडी छिद्रे धागे न सुटणाऱ्या कापडाने बंद करावीत.

२. जाड पट्टे बोटांनी किंवा पक्कडीने अखंड ओढून काढावेत.

३. टर्पेंटाइनमध्ये भिजविलेली कापडाची पट्टी उरलेल्या थरावर अर्धा ते एक तास ठेवावी. रबरी ऑइल सील व रंगीत भाग यांपासून ती दूर असावी.

४. फुगलेला थर प्लॅस्टिकच्या किंवा तासलेल्या बांबूच्या पट्टीने, पट्टी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून सरकवावा. आवश्यकता वाटल्यास तिसरी व चौथी पायरी पुन्हा करावी.

५. खाचांसाठी नायलॉनचा ब्रश वापरावा. बोल्टच्या बंद छिद्रांत उरलेला कचरा बोल्ट पूर्ण बसू देत नाही. म्हणून ती स्वतंत्रपणे साफ करावीत.

६. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसावेत. पांढरे कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहावे. त्यानंतर छिद्रांतील कापडे मोजून बाहेर काढावीत.

स्वच्छतेची परीक्षा

डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या धातूवरही सिलिकॉनचा अतिसूक्ष्म थर उरतो आणि त्यावर नवे सिलिकॉन चिकटत नाही. तो ओळखण्यासाठी पृष्ठभागावर पाण्याचे काही थेंब टाकावेत. पाणी सलग पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ. कोबीच्या मेणचट पानावर थांबतात तसे गोल थेंब राहिले तर पुसण्याची क्रिया पुन्हा करावी. परीक्षेनंतर भाग त्वरित कोरडा करावा. कोबीवर द्रावण पसरावे म्हणून आपण जी प्रसारके मिसळतो, त्यांतील काही सिलिकॉनयुक्तच असतात. मात्र त्यांचे रेणू पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, तर घट्ट सिलिकॉनचा थर पाण्याला दूर ठेवतो. कुळ एक असूनही रेणूच्या रचनेनुसार कार्य पालटते.

नवा थर

मूळ जोडावर कागदी पॅकिंग असल्यास त्याऐवजी सिलिकॉन लावू नये. पॅकिंगची जाडी आतील भागांमधील अंतर ठरवीत असते. सिलिकॉनचाच जोड असेल, तर सुमारे २ मिलिमीटर जाडीची अखंड रेषा बोल्टच्या छिद्रांच्या आतील बाजूने द्यावी आणि साय धरण्यापूर्वी भाग जोडावा. अधिक लावलेले सिलिकॉन आत दबून सुटते, तेलाची जाळी तुंबवते आणि तेलाअभावी इंजिन जळते. बोल्ट तिरप्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावेत.

तेल भरण्यापूर्वी साधारणतः २४ तास थांबावे. दिल्ली परिसरात जानेवारीच्या थंडीत किंवा मे-जूनच्या कोरड्या लू वाऱ्यांत ही क्रिया मंदावते, तर पावसाळ्यात वेगाने होते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यासही हेच लागू पडते. नळीवरील सूचना अंतिम मानावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

हंगामपूर्व प्रशिक्षणात नोझल तपासणीबरोबर या पद्धतीचे प्रात्यक्षिक घ्यावे. बांबूची पट्टी, टर्पेंटाइन, हातमोजे व पाण्याचे चार थेंब एवढ्या साहित्यावर ते होऊ शकते. अळीच्या पहिल्या अवस्थेत फवारणी चुकली, तर पुढच्या अवस्थेत तीच मात्रा अपुरी पडते. म्हणून ऐन हंगामात स्प्रेअर बंद न पडणे हाही कीड व्यवस्थापनाचाच भाग आहे.