इंजिन तापते तेव्हा

प्रास्ताविक

'घाटात पिकअपने अचानक पेट घेतला' अशा मथळ्याची बातमी तुम्ही केव्हा ना केव्हा वाचली असेल. पुढे बहुधा एवढेच असते, की चालकाने प्रसंगावधान राखून उडी मारली, वाहन जळून खाक झाले आणि आगीचे कारण समजू शकले नाही. प्रस्तुत पाठात आपण या 'अचानक' शब्दाची थोडी चौकशी करणार आहोत. तुमच्यापैकी काही जण स्वतः माल वाहून नेत असतील, काही गॅरेजमध्ये काम करीत असतील. त्यांना यातील पुष्कळशा गोष्टी हाताने माहीत आहेत. त्या शब्दांत कशा मांडाव्यात, हे त्यांनी वाचताना पाहावे.

मूळ पाठ

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा दट्ट्याने दाबून तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे पंधराव्या ते विसाव्या हिश्शाइतकी केली जाते. त्या दाबानेच ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. जर्मन अभियंता रुडोल्फ डिझेल याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे या तत्त्वावरील इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. तेव्हा ज्याला आपण इंजिन म्हणतो, ती मुळात काबूत ठेवलेली आगच होय. इंधनातील उष्णतेपैकी एक तृतीयांशाहून थोडी अधिक उष्णता चाके फिरविण्याच्या कामी येते. उरलेल्यातील बरीचशी धुराबरोबर निघून जाते आणि बाकीची इंजिनाच्या धातूत शिरते. ती तेथून सतत काढून घ्यावी लागते.

हे काम कूलंट करते. वॉटर पंप त्याला इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून फिरवतो. तापमान ऐंशी अंशांच्या आसपास गेले, की थर्मोस्टॅटची झडप उघडते, कूलंट रेडिएटरच्या बारीक नळ्यांत उतरते आणि तेथे वारा व पंखा त्याला थंड करतात. ही सर्व यंत्रणा बंदिस्त असून तिच्यात दाब असतो. झाकणाने सुमारे एका वातावरणाइतका जादा दाब राखला, तर साधे पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरमध्ये हेच घडते.

आता एक खेप डोळ्यांसमोर आणा. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता साखरप्यापुढे आंबा घाट चढू लागतो. एप्रिल-मे म्हणजे हापूसचा हंगाम. पिकअपच्या हौद्यात पेट्या एकावर एक रचलेल्या आहेत. पेट्या जितक्या अधिक तितकी खेप फायद्याची, म्हणून वजन परवान्यात लिहिल्याहून जास्त आहे. चढावर वेग मंदावतो, त्यामुळे रेडिएटरवर येणारा वाऱ्याचा झोत कमी होतो. बाहेरची हवा स्वतःच तापलेली असते आणि इंजिनाला मात्र सर्वाधिक जोर याच वेळी लावावा लागतो. चालक वरच्या गिअरमध्येच गाडी ओढत राहिला, तर पंप आणि पंखा यांचे फेरेही कमी पडतात. गिअर वेळीच खाली आणला, तर आवाज वाढतो, पण इंजिनाला थंडावा अधिक मिळतो. आवाजाला घाबरून गिअर न बदलणारे चालक गाडीला जपत नसतात.

गाडी घाटात तापते हे खरे. परंतु तिच्या तापण्याची तयारी पुष्कळ आधी झालेली असते. रेडिएटरच्या जाळीत लाल माती, किडे व पालापाचोळा बसलेला असतो. पट्टा सैल पडलेला असतो. होज पाइपच्या तोंडाशी पांढरट डाग दिसू लागलेला असतो. तेथून कूलंट थेंबथेंब झिरपत असते. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी ओतले, तर त्यातील क्षार नळ्यांत जमतात. तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा एक सोपा उपाय रस्त्याकडेला सांगितला जातो. ज्या झडपेने इंजिनाला योग्य तापमानावर ठेवायचे, तीच फेकून द्यायची! मूळ बिघाड जागच्या जागी राहतो, शिवाय सकाळच्या गारव्यात इंजिन थंड राहून इंधन जास्त खाते.

काट्याविषयी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावयाची आहे. काटा लाल रेषेकडे सरकला, तर धोका आहे, हे सर्वांनाच कळते. पण वर गेलेला काटा एकाएकी खाली आला, तर चालकाला हायसे वाटते, आणि तेच घातक ठरू शकते. काट्याला माहिती देणारा संवेदक कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट गळून गेले, की तो कोरडा पडतो आणि काटा खोटे सांगू लागतो. अशा वेळी रबर तापल्याचा वास, बोनेटखालची वाफ, जोर कमी झाल्याची जाणीव, यांवर काट्यापेक्षा अधिक विश्वास ठेवावा.

गाडी सुरक्षित जागी उभी केल्यावर पुढची घाई झाकणाची असते. पाणी कमी झाले आहे, मग ओतायला हवे, असे मनात येते आणि हात झाकणाकडे जातो. आत शंभर अंशांहून अधिक तापलेले कूलंट दाबामुळेच द्रवरूप राहिलेले असते. झाकण सैल होताच दाब जातो, त्यातील काही भागाची क्षणात वाफ होते आणि उरलेले उकळते कूलंट घेऊन ती वर उसळते. चेहरा, गळा आणि हात पोळतात. वाफ दिसत असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. मग निदान अर्धा तास थांबावे आणि वरचा होज पाइप हाताला सोसवेल इतका निवाल्यावरच जाड फडके धरून झाकण हळूहळू फिरवावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी तर मुळीच ओतू नये. धातूला तडा जातो.

आता आगीकडे वळू. तापलेले प्रत्येक इंजिन पेटत नाही. बहुतेक वेळा गॅस्केट जाते, सिलिंडर हेड वाकते किंवा इंजिन जाम होते. आगीसाठी आणखी काही लागते, आणि ते सहसा गळतीतून येते. डिझेल पेट्रोलइतके सहज पेटत नाही, म्हणून ते निर्धोक आहे, असा एक समज आहे. काडीच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. परंतु ठिणगीवाचून केवळ उष्णतेने पेटण्याच्या बाबतीत चित्र उलटे आहे. डिझेल सुमारे २१० ते २५० अंशांवर आपोआप पेटू शकते. पेट्रोलला सामान्यतः त्याहून अधिक तापमान लागते. उघड्यावर, वारा लागत असताना धातू याहून बराच जास्त तापलेला असावा लागतो, हे खरे. पण भरल्या गाडीने चढ चढताना टर्बो आणि धूर बाहेर नेणारी नळी यांचे तापमान पाचशे अंशांच्याही पुढे जाऊ शकते. इंधनाच्या नळीला केसाएवढी चीर पडली, की तिच्यातील प्रचंड दाबामुळे डिझेल धुक्यासारखे फवारले जाते. ते धुके त्या धातूवर पडले, तर ठिणगीची गरजच उरत नाही. इंजिन ऑइलची गळतीही अशीच. जादा दिवे, भोंगे, गाणी यांसाठी फ्यूज न लावता ओढलेल्या तारा हे आगीचे दुसरे मोठे कारण. गाडी धुतल्यावर बोनेटखाली विसरलेला तेलकट चिंध्यांचा बोळा हे तिसरे. ते तर फुकाचे!

हापूसच्या खेपेत हौद्यातही जळण असते. पेटीत फळाभोवती भाताचा सुका पेंढा असतो आणि पेटी लाकडाची किंवा पुठ्ठ्याची. त्याच्या खालून सायलेन्सर गेलेला असतो. पेंढ्याच्या काड्या खाली लोंबत नाहीत ना, हे निघण्यापूर्वी वाकून पाहण्यास दोन मिनिटे लागतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. साचलेली काजळी जाळून गाळणी स्वच्छ होते, त्या वेळी तिच्यात सुमारे सहाशे अंश उष्णता निर्माण होते. अशी गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नये.

ज्वाळा दिसल्याच, तर किल्ली बंद करावी, सर्वांनी उतरून दूर जावे आणि ११२ किंवा १०१ या क्रमांकावर कळवावे. आग लहान असेल, तरच वाऱ्याकडे पाठ करून कोरड्या भुकटीचा अग्निशामक वापरावा. बोनेट सताड उघडल्यास हवा मिळून आग भडकते. फटीतून भुकटी मारावी. जळत्या डिझेलवर पाणी टाकू नये, कारण डिझेल पाण्यावर तरंगून पसरते. आणि पेट्या वाचविण्यासाठी हौद्यावर चढू नये. त्या पेट्या कोणाच्या वर्षभराच्या कष्टाच्या असतात, हे जाणूनच हे लिहिले आहे.

भाषाभ्यास

'वाहनाने पेट घेतला' या वाक्याचा कर्ता कोण? वाहन. पट्टा न बदलणारा मालक, डाग पाहूनही पुढे निघालेला चालक, फ्यूजवाचून तार जोडणारा कारागीर, यांपैकी कोणीही या वाक्यात नाही. 'अचानक' हे क्रियाविशेषण त्यात घातले, की आधीचे सारे दिवसही पुसले जातात. मराठीत उष्णतेच्या पायऱ्या सांगणारी वेगवेगळी क्रियापदे आहेत : कोमटणे, तापणे, उकळणे, धुमसणे, पेटणे, भडकणे. तसेच वाफेने वा उकळत्या पाण्याने माणूस पोळतो, ज्वाळेने होरपळतो. नेमके क्रियापद वापरले, तर नेमके काय घडले हे वाचणाऱ्याला कळते.

शब्दार्थ

दट्ट्या – सिलिंडरमध्ये खालीवर सरकणारा भाग. हौदा – मालवाहू गाडीचा माल ठेवण्याचा भाग. संवेदक – तापमान, दाब इत्यादी ओळखणारे साधन. धुमसणे – ज्वाळेवाचून आतल्या आत जळणे.

स्वाध्याय

१. काटा एकाएकी खाली आला, तरी चालकाने गाडी का थांबवावी? कारण तीन-चार वाक्यांत लिहा.

२. डिझेल निर्धोक असल्याचा समज कोठपर्यंत खरा आहे व कोठे चुकतो, ते पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. पुढील बातमी वाचा : 'आंबे घेऊन निघालेल्या पिकअपने घाटात अचानक पेट घेतला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.' या गाडीच्या मागील आठ दिवसांची कल्पना करा आणि 'अचानक' हा शब्द न वापरता ही बातमी दहा ओळींत पुन्हा लिहा.