अरण्य वसाहत : आराखड्यापूर्वीचा अभ्यास

गरिबाचे घर म्हणजे चार भिंती व छप्पर, ही समजूत इंदूरच्या अरण्य वसाहतीने खोटी ठरविली. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्या वास्तुशिल्प प्रतिष्ठानाने १९८० नंतरच्या दशकात हा आराखडा आखण्यापूर्वी शहरातील झोपडवस्त्यांची बारकाईने पाहणी केली. तेथे ओटा हीच बैठक, तेच दुकान, तोच कारखाना. घराचे दार थेट रस्त्यावर उघडले असते तर अनेकांची कमाईच बुडाली असती. म्हणून घर व रस्ता यांमध्ये ओट्यासाठी अर्ध्या मीटरचा पट्टा राखण्यात आला. सर्वांत गरीब कुटुंबास सुमारे ३५ चौरस मीटरच्या भूखंडावर जोते, न्हाणी-शौचालय आणि एक खोली; पुढील बांधकाम त्याने ऐपतीप्रमाणे करावयाचे. या वसाहतीस १९९५ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.